जास्वंदीवरचा कापूस आणि मुंग्यांची रांग

कोथरूडच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी वीस-बावीस कुंड्या सांभाळते. निम्म्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे. शेडखाली सासूबाईंनी लावलेली तांबडी जास्वंद आहे. घरच्या गणपतीला गेली चौदा वर्षे तिचीच फुले वाहतो. एप्रिलपासून तिच्या शेंड्यांवर पांढरा कापूस धरला आहे, पाने आक्रसून गोळा झाली आहेत, कळ्या उमलण्याआधीच गळतात आणि खालची पाने काळी, चिकट झाली आहेत. कडुनिंबाचे तेल फवारले, साबणाचे पाणी मारले. चार दिवस बरे दिसते, पुन्हा तेच. ताकद यावी म्हणून दर आठवड्याला केळीच्या सालींचे गूळ घालून आंबवलेले पाणी देते. छाटलेले शेंडे वाया जाऊ नयेत म्हणून शेजारच्या खताच्या ड्रममध्ये टाकते. उघड्या भागात दोन गुलाब आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून त्यांची पाने काळे ठिपके पडून गळत आहेत आणि एकाची फांदी वरून खाली वाळत चालली आहे. शेजारच्या काकांनी शेतात मारायचे एक जालीम औषध आणून दिले आहे. ते मारू का? गणपतीपर्यंत फुले येतील का?"

सप्रेम नमस्कार.

काकांनी दिलेली बाटली तूर्त उघडू नका. त्याचे कारण पुढे येईलच. तुमच्या पत्रात रोगाच्या वर्णनापेक्षाही उपयोगी अशा तीन गोष्टी तुम्ही सहज लिहून गेला आहात: पत्र्याची शेड, गुळाचे पाणी आणि खताचा ड्रम. एका गोष्टीचा मात्र पत्रात उल्लेखच नाही, ती म्हणजे मुंग्या. जास्वंदीच्या खोडावरून वर-खाली जाणारी मुंग्यांची रांग तुमच्या गच्चीवर असणार, हे मी झाड न पाहता सांगतो. उद्या सकाळी खोडाशी दोन मिनिटे बसून पाहा.

कापसासारखा दिसणारा तो प्रकार म्हणजे पिठ्या ढेकूण, ज्याला नर्सरीवाले मिलीबग म्हणतात. एखादा पुंजका काडीने उकलून भिंगाखाली धरला, तर पिठात घोळवलेला, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा गुलाबीसर मऊ कीटक दिसेल. चिरडला तर लालसर रस निघतो. त्याच्या पोटाखालचा कापूस ही अंड्यांची पिशवी असते आणि एकेका मादीच्या पिशवीत दीडशेपासून सहाशेपर्यंत अंडी असू शकतात. सहा ते नऊ दिवसांत ती फुटतात, पिल्ले रांगत नव्या शेंड्याकडे जातात आणि सुमारे महिनाभरात त्यांची पुढची पिढी तयार होते. फवारल्यानंतर चार दिवस बरे वाटून पुन्हा तेच होण्याचे गणित इथे आहे. मोठ्या ढेकणांच्या अंगावरच्या मेणामुळे पाणी ओघळून जाते, अंडी कापसात सुरक्षित राहतात, आणि जी पिल्ले उघडी सापडतात तेवढीच मरतात. शिवाय हा कीटक रस शोषताना झाडात जी लाळ सोडतो तिच्यामुळे पाने आक्रसून त्यांचा गुच्छ होतो, आणि त्या गुच्छाच्या घड्यांत तुमचे कडुनिंबाचे तेल पोहोचतच नाही. औषध चुकले नव्हते. ते जिथे जायला हवे होते तिथे जाण्याची वाट बंद होती.

खालच्या पानांवरची काळी, चिकट पुटे हा वेगळा रोग नाही. पिठ्या ढेकूण रस पितो तो गरजेपेक्षा कितीतरी अधिक, आणि जादा साखर गोड स्रावाच्या रूपाने खाली सोडतो. त्या गोडव्यावर काजळीसारखी बुरशी वाढते. ती पानात शिरत नाही, वर बसते. ओल्या फडक्याने पुसली तर निघते. मुंग्या येतात त्याही याच गोडव्यासाठी, आणि आपला गवळीवाडा सांभाळावा तसा त्या या ढेकणांचा सांभाळ करतात. ढेकणांना खाणारा एखादा मित्रकीटक जवळ आला तर त्याला पिटाळून लावतात. मुंग्यांचा पहारा असेपर्यंत कोणतीही फवारणी अर्धीच लागू पडते.

म्हणून पहिले काम गुळाचे पाणी थांबवण्याचे आहे. कुंडीत दर आठवड्याला गूळ ओतणे म्हणजे मुंग्यांना घरपोच आमंत्रण होय. केळीच्या सालींच्या पाण्यावर माझा एरवीही फारसा विश्वास नाही. साली थेट खतात टाकल्या तर त्यांचा अधिक उपयोग होतो. मुंग्यांसाठी साधे आमिष घरीच करता येते. शंभर मिलिलिटर पाण्यात दहा ग्रॅम साखर आणि एक ग्रॅम बोरिक पावडर, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळते तीच, पूर्ण विरघळवायची, त्यात कापसाचा बोळा भिजवून तो एका झाकणात ठेवायचा आणि ते झाकण मुंग्यांच्या वाटेवर, पण लहान मुले आणि मांजरे पोहोचणार नाहीत अशा आडोशाला ठेवायचे. पावडर जास्त घालण्याचा मोह टाळा. आमिष तीव्र झाले तर मुंग्या वाटेतच मरतात. सौम्य असले तर ते वारुळापर्यंत नेऊन राणीला आणि पिल्लांना भरवतात. आठ-दहा दिवस धीर धरावा लागतो. तोवर खोडाभोवती जाड कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून त्या पट्टीवर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीला लावू नका. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवण्याचा जुना उपायही चालतो, पण पावसाळ्यात साठलेल्या पाण्यात डास होतात आणि महापालिकेची नोटीस यायला वेळ लागत नाही, म्हणून तो मी सुचवत नाही. आणखी एक गोष्ट तपासा: शेडच्या खांबावरून किंवा शेजारच्या कुंडीच्या फांदीवरून जास्वंदीला स्पर्श होत असेल, तर मुंग्या त्या पुलावरून येतील आणि खोडावरची पट्टी निरर्थक ठरेल.

दुसरे काम कात्रीचे. जे शेंडे गोळा झाले आहेत ते आता उलगडणार नाहीत, त्यामुळे त्यांची दया करण्यात अर्थ नाही. आक्रसलेल्या भागाच्या तीन-चार बोटे खाली, निरोगी डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फूट निघते त्या जागेच्या वर कापा. कापलेला प्रत्येक शेंडा जमिनीवर पडू न देता थेट साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका, रात्रभर बुडवून ठेवा आणि मग पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. खताच्या ड्रममध्ये आजवर टाकलेले शेंडे हेच तुमच्या त्रासाचे आजोळ आहे. घरगुती ड्रम आतून इतका तापत नाही की ढेकणांची अंडी मरावीत, आणि त्यातून निघालेली पिल्ले रांगत पुन्हा शेजारच्या कुंडीवर येतात. ड्रममधला वरचा ताजा थर काढून टाका आणि ड्रम गच्चीच्या दुसऱ्या टोकाला न्या.

छाटणी झाल्यावर उरलेल्या फांद्यांचे बेचके, सालीच्या भेगा, कुंडीच्या काठाची आतली बाजू आणि झाडाला आधारासाठी बांधलेली सुतळी नीट पाहा. सुतळीखाली हमखास वस्ती असते. ती सुतळी काढून टाका; बाकी ठिकाणी जुना टूथब्रश चालवा किंवा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा टेकवा, म्हणजे मेण विरघळते आणि खालचा कीटक मरतो. स्पिरिट फवारायचे नाही, फक्त टेकवायचे.

टूथब्रश चालवण्यापूर्वी एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका उन्हाळ्यात माझ्या जास्वंदीवर नेहमीपेक्षा मोठे, अंगावर लांब पांढरे धागे असलेले "ढेकूण" दिसले आणि मी मोठ्या उत्साहाने ते सगळे घासून काढले. दोन आठवड्यांनी खऱ्या पिठ्या ढेकणांनी झाड भरून गेले, तेव्हा माझ्या लक्षात आले की मी मारल्या त्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या अळ्या होत्या. पिठ्या ढेकूण खाणाऱ्या या किड्याच्या काही जातींच्या अळ्या हुबेहूब आपल्या भक्ष्यासारख्याच दिसतात. यातली क्रिप्टोलिमस ही ऑस्ट्रेलियातली जात तर १८९८मध्ये कॉफीवरच्या खवले किडीसाठी मुद्दाम भारतात आणली गेली, आणि आज द्राक्षबागांतही ती पिठ्या ढेकणांवर सोडतात. ओळख सोपी आहे. काडीने डिवचल्यावर पिठ्या ढेकूण जागच्या जागी बसून राहतो किंवा अगदी सावकाश सरकतो; अळी मात्र लगबगीने पळते. पळणाऱ्या पांढऱ्या किड्याला हात लावू नका.

आता फवारणी. कडुनिंबाचे तेल पाण्यात आपोआप मिसळत नाही आणि बहुतेकांची फवारणी तिथेच फसते. वाटीभर कोमट पाण्यात आधी दोन-तीन मिलिलिटर भांडी घासायचा पातळ साबण घाला, त्यात पाच मिलिलिटर तेल थेंब-थेंब ओतत ढवळा, दुधासारखा रंग आला की त्यात पाणी वाढवून एक लिटर करा आणि तासाभरात वापरून टाका. कपड्यांची डिटर्जंट पावडर नको. तिने पाने करपतात. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस पाहावे, मग पूर्ण झाडावर, सूर्य कलल्यानंतर, पानांच्या खालच्या बाजूने आणि बेचक्यांत. ही फवारणी सात-सात दिवसांनी तीनदा झालीच पाहिजे, मग मधल्या काळात झाड कितीही स्वच्छ दिसो. अंडी सहा ते नऊ दिवसांत फुटतात हे वर सांगितले. तुम्ही फवारणी थांबवता नेमक्या त्याच सुमारास नवी पिल्ले बाहेर पडतात.

सध्याच्या दमट हवेचा आणखी एक फायदा घेता येईल. कृषी सेवा केंद्रात व्हर्टिसिलियम लेकॅनी या नावाने एक उपयुक्त बुरशी मिळते. ती पाच ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारली की पिठ्या ढेकणांच्या अंगावर वाढून त्यांना मारते. तिला ओलावा लागतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ती जे करते ते मे महिन्यात करत नाही. तिसऱ्या फवारणीऐवजी ती वापरायला हरकत नाही. फक्त त्याच झाडावर मागे-पुढे तांब्याचे किंवा कोणतेही बुरशीनाशक मारू नका, नाहीतर ही बुरशीही मरेल.

गच्चीच्या कोपऱ्यात किंवा इमारतीच्या आवारात गाजरगवत वाढले असेल तर तेही उपटून टाका, हातमोजे घालून आणि फुलोरा येण्यापूर्वी. पिठ्या ढेकणांच्या काही जाती त्यावर सुखाने राहतात आणि तिथून कुंड्यांवर येतात. देशभर पसरलेले हे तण भारतात पहिल्यांदा नोंदले गेले ते १९५५च्या सुमारास आपल्या पुण्यातच. या बाबतीत पुणेकरांनी अभिमान न बाळगलेला बरा.

तरीही एप्रिलपासूनच हा त्रास इतका का वाढला, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर शेडमध्ये आहे. पत्र्याखाली हवा कोरडी आणि तापलेली राहते, पानांवर धूळ बसते आणि पाऊस पोहोचत नाही. मुसळधार पावसाचे थेंब रांगती पिल्ले धुऊन नेतात, गोड स्रावही धुऊन नेतात. तुमच्या जास्वंदीला ही फुकटची सेवा मिळत नाही. उलट गुलाब उघड्यावर आहेत, आणि त्यांचा आजार पावसाने ओल्या राहणाऱ्या पानांचा आहे. तेव्हा तुमच्या गच्चीवरच्या या दोन झाडांनी जागा बदलून घ्यायला हवी. जास्वंद उघड्यावर, दिवसभर ऊन आणि पाऊस मिळेल अशा ठिकाणी आणा. कुंडीच्या तळाचे छिद्र सळईने मोकळे करून कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. गुलाब शेडच्या पूर्वेकडच्या कडेला न्या, जिथे सकाळचे ऊन मिळेल पण पाऊस थेट पानांवर पडणार नाही. पावसाळा संपला की गुलाब पुन्हा बाहेर. कुंड्या जड असतील, तर सोसायटीतल्या एखाद्या तरुणाला चहा पाजून हे काम करून घ्या. एवढ्या एका हालचालीने जे साधेल ते दोन बाटल्या औषधाने साधणार नाही.

गुलाबावरचे काळे ठिपके ज्या बुरशीमुळे होतात तिच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पान सलग सुमारे सात तास ओले राहावे लागते. जागा बदलल्यावर पाणी सकाळी आणि फक्त बुंध्याशी दिले, तर तिला ही संधी मिळत नाही. ठिपके पडलेली पाने खुडा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुंडीतल्या मातीवर पडलेली पाने वेचा, कारण पुढची लागण तिथून उडणाऱ्या थेंबांबरोबर वर जाते. सुरुवातीला कॉपर ऑक्सिक्लोराइड अडीच ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळून दहा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारावे. एवढे पुरे आहे.

वरून वाळत येणारी फांदी हा मात्र घाईचा विषय आहे. ही मर कापलेल्या किंवा मोडलेल्या टोकातून शिरते आणि खाली उतरत राहते. नर्सरीतले गुलाब रानटी खुंटावर डोळा भरून केलेले असतात; मर त्या डोळ्याच्या खाली गेली तर तुमचा गुलाब गेला आणि रानटी खुंट तेवढा उरला, असे होते. काळपट भागाच्या खाली दोन इंच कापा आणि छेदाकडे पाहा: मधला गाभा तपकिरी दिसला तर आणखी खाली कापा, स्वच्छ पांढरा दिसला की थांबा. दर कापानंतर कात्री स्पिरिटने पुसायची. छेदावर बोर्डो पेस्ट लावा: दहा ग्रॅम मोरचूद प्लॅस्टिकच्या भांड्यात पन्नास मिलिलिटर पाण्यात विरघळवा, दहा ग्रॅम चुना वेगळ्या भांड्यात पन्नास मिलिलिटर पाण्यात कालवा, दोन्ही एकत्र करून काडीने ढवळा. त्यात लोखंडी सुरीचे पाते मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा. लोखंडी किंवा तांब्या-पितळेचे भांडे वापरू नका. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांना वाटसरूंनी हात लावू नये म्हणून वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत, आणि नेमक्या त्याच वेली रोगापासून वाचतात हे लक्षात आल्यावर १८८५मध्ये हे मिश्रण औषध म्हणून पुढे आले. नारायणगावचे द्राक्ष बागायतदार आजही ते घरी करतात, तेव्हा तुम्हालाही जमेल. गुलाबाची खरी छाटणी मात्र आता करू नका. ती पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात.

काकांच्या बाटलीवर एक चौकोन दिसेल, त्यात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. लाल किंवा पिवळा असेल तर ती बाटली गच्चीवर वापरायची नाही, हा माझ्यापुरता कायम नियम आहे. शेतात मारणाऱ्याच्या आसपास उघडे रान असते. तुमच्या गच्चीखाली लोकांच्या खिडक्या आहेत. त्यातली अनेक औषधे आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाडाच्या रसात भिनतात, तिथून फुलात आणि परागात उतरतात आणि मधमाशीला बाधतात. तुमच्या वीस-बावीस कुंड्यांत कढीपत्ता, पुदिना, ओवा यांपैकी काही असणारच. फवारा वाऱ्याबरोबर त्यांच्यावर जातो आणि संध्याकाळी ती पाने फोडणीत पडतात. गणपतीला वाहिलेली फुले घरातली मुले हाताळतात, हेही आहे. बाटली काकांना परत देताना "झाड आता सुधारतंय" एवढे म्हटले तर त्यांनाही वाईट वाटणार नाही.

फुलांचे विचारता, तर जास्वंदीला कळी येते ती नव्या फुटीच्या टोकाशी, आणि छाटणीनंतर नवी फूट वाढून फुलायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. गणेश चतुर्थीला जवळजवळ तेवढेच दिवस उरले आहेत. त्यामुळे कात्री या आठवड्यातच चालवावी लागेल. छाटणीनंतर कुंडीला दोन मुठी गांडूळखत द्या आणि नवी पाने तळहाताएवढी होईपर्यंत दुसरे काही देऊ नका. युरियासारख्या खताने फूट लुसलुशीत होते आणि पिठ्या ढेकणांना नेमकी तीच आवडते. कळ्यांच्या वेळी ०:०:५० हे पालाशयुक्त खत दोन ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळून एकदा द्यावे. राख नको, ती विम्ल म्हणजे अल्कधर्मी असते, आणि आपल्याकडची माती आणि बोअरचे पाणी आधीच विम्लाकडे झुकलेले असते. हे सगळे वेळेवर झाले तर चतुर्थीला पाच-सात फुले मिळावीत. एकवीस फुलांचा हार यंदा मंडईतून आणावा लागेल असे धरून चला.

छाटलेल्या फांद्यांतला खालचा, पेन्सिलीएवढा जाड आणि स्वच्छ भाग मात्र फेकू नका. सासूबाईंचे झाड चौदा वर्षांहून जुने आहे, आणि जास्वंदीच्या काड्या लावायला आषाढासारखा दुसरा महिना नाही. सहा-सहा इंचांचे पाच-सहा तुकडे करा, साबणाच्या पाण्यात पाच मिनिटे बुडवून धुवा, खालचा काप डोळ्याच्या लगत तिरका घ्या, दोन डोळे मातीखाली आणि दोन वर राहतील अशा बेताने निम्मी वाळू-निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या पिशव्यांत लावा. पिशव्या जास्वंदीपासून दूर, सावलीत ठेवा आणि महिनाभर एकही काडी उपटून मुळे आली का ते पाहू नका.